मे महिन्यात कुंडलिकेला पाणी येतं कुठून? राफ्टिंगचा बेत करणाऱ्यांसाठी

परीक्षा आटोपल्या की माझा फोन वाजायला लागतो. रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदीवरच्या कोलाडजवळ घर असण्याचा हा एक तोटा. यंदा पहिला फोन डोंबिवलीच्या भाच्याचा होता. "मामा, आम्ही सहा जण मेमध्ये येतोय, राफ्टिंगला. पण मला एक कळत नाही. एप्रिल लागला की तुमची विहीर आटते, आजी टँकरची वाट बघत बसते. मग नदीत एवढं उसळतं पाणी येतं कुठून? पावसाळ्यातली रीलं उन्हाळ्यात दाखवून गंडवत तर नाहीत ना?"

पोराची शंका रास्त होती. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. सह्याद्रीच्या कड्यावर पडलेला पाऊस काही तासांत खाडीला मिळतो, मागे काही उरत नाही. होळीनंतर बहुतेक नद्यांत इथे एक डोह, तिथे एक डोह आणि मध्ये तापलेले काळे दगड. कुंडलिकाही स्वभावाने तशीच. तरी मे महिन्यात सकाळी ती दुथडी वाहते, हे खरं आहे. हे कोडं सुटलं की सहलीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. किती वाजता पोचायचं, कुठल्या दिवशी यायचं, नदीत कधी उतरायचं नाही, सगळं त्यातच आलं.

पाणी घाटावरचं

उन्हाळ्यात कुंडलिकेत जे वाहतं ते मुळात कुंडलिकेचं पाणीच नाही. ते मुळा नदीचं. मुळा सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते आणि पूर्वेला पुण्याकडे जाते. तिचं पाणी पुढे भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचायचं. १९२०च्या दशकात टाटांनी मुळशीला धरण बांधून ते अडवलं आणि सह्याद्रीच्या पोटातून उलट्या बाजूला, कोकणात उतरवलं. या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशी सत्याग्रह केला. तरी धरण झालंच, आणि मावळातली गावं शेतीवाडीसकट पाण्याखाली गेली.

कड्यावरून मोठमोठ्या नळांतून उतरणारं हे पाणी पायथ्याला भिऱ्याच्या वीजघरात शिरतं. १९२७ मध्ये सुरू झालेलं हे वीजघर मुंबईला वीज देतं. वरचं पाणी आणि खालची यंत्रं यांच्या उंचीत साधारण ५०० मीटरचा फरक आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जास्त जोराने येतं, हे घराघरात ठाऊक असतं. इथे ती गच्ची दीडशे मजल्यांहून उंच आहे असं समजा.

भाचा इंजिनीअरिंगला आहे, म्हणून त्याला गणित घातलं. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो. सेकंदाला तेवढं पाणी ५०० मीटरवरून उतरवलं तर जेमतेम ५ मेगावॅट वीज मिळते, आणि त्यातलीही थोडी यंत्रांत मुरते. भिऱ्याच्या मूळ संचांची क्षमता १५० मेगावॅट. म्हणजे ते पूर्ण जोमाने चालले की सेकंदाला ३० घनमीटरहून जास्त पाणी खाली येणार. टँकरच्या भाषेत सांगायचं तर दर सेकंदाला १०,००० लिटरचे तीन टँकर. आजी ज्या एका टँकरसाठी हंडे घेऊन बसते, तसे तीन. दर सेकंदाला.

वीज काढून झालेलं पाणी कुठेतरी सोडावंच लागतं. भिऱ्याच्या खाली ते आधी एका छोट्या तलावात साठतं, तिथून सरकारच्या दुसऱ्या वीजघरात पुन्हा राबतं, आणि मग कुंडलिकेच्या पात्रात येतं. त्यानंतर जो साधारण १२ ते १४ किलोमीटरचा पट्टा लागतो, साजे-सुतारवाडीच्या बाजूचा, त्यावर राफ्टिंग चालतं. बंगालच्या उपसागराला जायचं पाणी असं रेवदंड्याला अरबी समुद्रात पोचतं, आणि वाटेत दोन तास तुम्हाला पाठीवर घेतं.

मार्च २०१७ मध्ये याच भिऱ्यात ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं आणि गावाचं नाव देशभर झालं होतं. त्याच गावातून सुटलेल्या पाण्यात मे महिन्याच्या सकाळी उतरलात तर पहिल्या शिंतोड्याला अंगावर काटा येतो, कारण ते उन्हात तापलेलं पात्रातलं पाणी नसतं, घाटावरच्या खोल धरणातलं असतं.

असा प्रकार कोकणात एकट्या कुंडलिकेचा नाही. कोयनेचं पाणीही वीज करून चिपळूणच्या वाशिष्ठीत सोडलं जातं, म्हणून वाशिष्ठी भर उन्हाळ्यात वाहती दिसते.

नदीचं घड्याळ

आता वेळेचं. कोळशाचं वीजघर म्हणजे न्हाणीघरातला बंब. पेटवा, वाट बघा, मग पाणी तापणार. पाण्यावरचं वीजघर म्हणजे नळ. उघडला की सुरू, काही मिनिटांत. म्हणून जेव्हा विजेची मागणी चढते तेव्हा असली वीजघरं चालवतात आणि मागणी उतरली की थांबवतात. नदीत पाणी येतं ते या हिशेबाने. राफ्टिंगवाले धरणाचे मालक नाहीत. पाणी सुटणार तेव्हा ते तयार असतात, एवढंच. साधारणपणे पाणी सकाळचं असतं, त्यामुळे सगळे आयोजक तुम्हाला आठच्या आसपास बोलावतात. "आम्ही जेवून दुपारी निघू, दोन वाजता ठेवा ना" असं म्हणून चालत नाही. आणि यंत्र दुरुस्तीला बंद असेल तर त्या दिवशी नदीही बंद. आदल्या संध्याकाळी फोन करून पाण्याची खात्री करणं हे हॉटेलच्या बुकिंगपेक्षा महत्त्वाचं.

पाणी येताना एकदा बघाच. साडेसातला काठावर उभं राहिलं तर समोर दगडच दगड. एखादी खंड्या, चार गुरं, कडेच्या डबक्यात शेवाळ. मग वरच्या वळणावरून पंखा लावल्यासारखा आवाज. पाण्याची लाट वगैरे येत नाही. वाळक्या पानांची, काटक्यांची एक मळकट झालर दगडांमधून वाट शोधत सरकत येते, फट दिसेल तिथे घुसते, थांबते, पुन्हा पुढे. तुम्ही चप्पल बाजूला घेईपर्यंत ज्या दगडावर बसला होतात त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी गेलेलं असतं. पाऊण तासाने तो दगड दिसत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पाणी सुटलं म्हणजे सगळीकडे एकदम आलं असं नाही. ते वरून खाली पोचायला वेळ घेतं. गाईड तुम्हाला काठावर ताटकळत ठेवतो तो उगाच नाही. घाईने पाण्याच्या पुढे निघालेली राफ्ट खाली जाऊन दगडांवर घासत बसते. दुसरी, आणि ही राफ्टिंग न करणाऱ्यांसाठीच जास्त: कोरड्या पात्रात मधल्या खडकावर चटई टाकून वनभोजन करू नका. वर आकाश निरभ्र असेल, पावसाचा थेंब नसेल, तरी पाणी येतं.

भाच्याने इथे एक टोचणारा प्रश्न विचारला. गावाला टँकर आणि पर्यटकांना नदीभर पाणी, हे बरोबर आहे का? पण हे पाणी पर्यटकांसाठी सोडलेलं नसतं. एकही राफ्ट नसली तरी तेवढंच सुटलं असतं. राफ्टिंग झाल्यावरही ते वाया जात नाही. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्याशी ते अडवतात, तिथून कालव्यांनी शेताला जातं, कारखान्यांना जातं. आमची वाडी वरच्या अंगाला आहे आणि नदीतून वाडीपर्यंत पाणी चढवणारी योजना धड चालत नाही, हे आमचं दुखणं वेगळं. त्याचं पाप राफ्टिंगवर नाही. खरा वाद घाटावर आहे: कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी दुष्काळी भाग सोडून पश्चिमेला का वळवायचं, असा प्रश्न तिकडे अधूनमधून उठतो. तो कधी तडीला गेला तर मे महिन्यातली कुंडलिका पुन्हा डोह आणि दगड होईल.

पाणी पांढरं का होतं

नदी जिथे एकदम उतरते, अरुंद होते किंवा दगडांवर आपटते, तिथे पाणी वेग घेतं, फुटतं आणि उसळतं. अशा टप्प्याला रॅपिड म्हणतात. नळाला लावलेल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार कशी लांब जाते, तसंच. तेवढंच पाणी, वाट लहान, म्हणून वेग जास्त. फुटताना पाण्यात हवा कोंडली जाते आणि बुडबुड्यांमुळे ते पांढरं दिसतं. या पांढऱ्या पाण्याची एक खोड लक्षात ठेवा: अर्धं हवेने भरल्यामुळे ते हलकं असतं, आणि हलक्या पाण्यात माणूस कमी तरंगतो. फेसात पडलात तर जॅकेट असूनही क्षणभर खाली गेल्यासारखं वाटतं. मग वर येता.

नदी वाचायला शिकायचं तर तीन खुणा पुरेत. दोन दगडांच्या मधून काळसर, गुळगुळीत पाण्याची जीभ निघते आणि तिचं टोक खालच्या दिशेला असतं. ती वाट. उलट टोक वरच्या दिशेला दिसलं तर त्या टोकाशी पाण्याखाली दगड आहे. आणि मोठ्या दगडाच्या मागे पाणी उलटं, वरच्या बाजूला फिरत असतं. या उलट्या पाण्यात राफ्ट नेऊन गाईड थांबतो, मागच्यांची वाट बघतो. भर प्रवाहातला हा एसटीचा थांबाच.

कोकणातल्या माणसाला सगळ्यात नवल वाटतं ते लाटांचं. समुद्रात लाट पुढे जाते आणि पाणी जवळपास जागेवरच वरखाली होतं. म्हणून तर लाट येऊन गेली तरी होडी तिथेच डुलत राहते. नदीत नेमकं उलट. लाट तळातल्या दगडाला धरून जागेवर उभी असते आणि पाणी तिच्यातून पळत असतं. रोजच्या पाण्याला लाट रोज त्याच जागी. त्यामुळेच गाईडना प्रत्येक लाट ओळखीची असते आणि रॅपिडना नावं पडतात.

रॅपिडची प्रतवारी जगभर एक ते सहा अशी लावतात. एक म्हणजे नुसती खळखळ, सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. कुंडलिकेचे बहुतेक रॅपिड दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे, म्हणजे नवख्याला झेपणारे, पण शब्द ऐकला तर. जाहिरातीत चौथी-पाचवी प्रत वाचलीत तर तो आकडा गिऱ्हाइकासाठी आहे, नदीसाठी नाही. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये नदी असं चित्र मनात असेल तर तेही काढून टाका. इथे दरी रुंद आहे. काठाला झाडी, मागे सह्याद्री, मधूनच एखादं गाव आणि काठावरची पोरं तुम्हाला हात करत असतात.

"आम्ही समुद्राकाठची माणसं, आम्हाला पोहता येतं"

हे वाक्य मी अलिबाग-मुरुडकडच्या पाहुण्यांकडून पुष्कळदा ऐकलंय. पोहता येणं चांगलंच. पण समुद्रात दमलात तर पाय टेकवायला किनारा शोधता. वाहत्या नदीत पाय टेकवणं हीच सगळ्यात मोठी चूक. गुडघाभर पाण्यात उभं राहायला गेलं आणि पाऊल दोन दगडांच्या खाचेत अडकलं, तर प्रवाह अंगाला पुढे ढकलतो, पाय मागे राहतो आणि तोंड पाण्यात जातं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस आडवा होतो तो यामुळे.

म्हणून पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. समोर दगड आला तर तो तळपायांनी ढकलायचा. मान जपायची. काठाशी पाणी अगदी संथ आणि उथळ होईपर्यंत उभं राहायचं नाही. दोर फेकला तर दोर धरा, मनगटाला गुंडाळू नका. काठच्या वाकलेल्या फांद्या हाताशी येतील, त्यांना लोंबकळायचा मोह टाळा. पाणी फांद्यांतून जातं, माणूस जात नाही. चहा गाळणीतून जातो आणि पत्ती अडकते, तिथे आपण पत्ती असतो.

आणि बंधारा. हा मुद्दा राफ्टिंगपुरता नाही. कोकणात गावोगाव छोटे बंधारे आहेत आणि सांडव्यावरून पाणी पडत असताना पोरं खाली डुंबतात. वरून एकसारखं पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे वळतं. त्या चक्रात सापडलेली वस्तू बाहेर येत नाही, तिथेच घुसळत राहते, ताकातल्या लोण्यासारखी. दगडांच्या रॅपिडमध्ये पाण्याला कुठेतरी फट मिळते, बंधाऱ्याची भिंत सरळ असते, तिथे फट नसते. पुरुषभर उंचीचा, दिसायला गरीब बंधारा पांढऱ्या रॅपिडपेक्षा वाईट, तो यासाठी.

मग पोहता न येणाऱ्यानं जावं का?

जावं. माणसाला तोंड पाण्याबाहेर ठेवायला ३ ते ५ किलो वर उचलणारा आधार पुरतो आणि बरं लाइफ जॅकेट ७ किलोच्या पुढे देतं. अट एकच, जॅकेट अंगाला घट्ट हवं. बांधून झाल्यावर सोबत्याला दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमचं नाही, दुसरं मागा. सैल जॅकेट पाण्यात वर जातं आणि माणूस खाली. बकल तुटलेलं असेल तर "चालतं हो, दोरीनं बांधू" हे ऐकून घेऊ नका. मी एकदा ऐकून घेतलं होतं. दुसऱ्याच रॅपिडला ते जॅकेट माझ्या नाकावर होतं आणि मी आकाश सोडून सगळं बघत होतो.

पोहता येत नाही त्यापेक्षा पाण्याची भीती आहे का, हे आधी स्वतःला विचारा. घाबरलेला माणूस राफ्टमध्ये पॅडल सोडून शेजाऱ्याला मिठी मारतो. हृदयविकार, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, पाठीचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर काठावरून फोटो काढायचं काम घ्या. १४ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक आयोजक घेत नाहीत. वय चोरून बसवू नका.

"गाईड असतो ना, मग आम्ही कशाला हात मारायचे?"

रबरी राफ्टमध्ये सहा ते आठ जण कडेला बसतात आणि गाईड मागे. ती नुसती पाण्याबरोबर, पाण्याच्याच वेगाने वाहत असेल तर वळत नाही. कोळी बांधवांना हे सांगायला नको: होडीला स्वतःची चाल असल्याशिवाय सुकाणू लागत नाही. ती चाल तुम्ही सहा जण देता, गाईड तिला दिशा देतो. म्हणून तो ऐन रॅपिडमध्ये "फॉरवर्ड, फॉरवर्ड" ओरडतो आणि नेमकं तेव्हाच सगळे हात आखडून घेतात. "गेट डाऊन" म्हणाला की आत बसायचं, बाकी वेळ पॅडल पाण्यात. पॅडलच्या टोकाची आडवी मूठ तळहातात झाकलेली ठेवा. सुटलेल्या मुठीने शेजाऱ्याचे दात पडतात, नदीने नव्हे.

बुकिंग करताना

दर सगळे विचारतात. त्याआधी विचारायचं ते हे: २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? प्रत्येकाला हेल्मेट मिळतं का? पाण्यात उतरण्याआधी काठावर शिकवणी होते का, आणि किती वेळ? राफ्टच्या पुढे सुटकेसाठी कयाक, म्हणजे छोटी अरुंद होडी, असते का? उत्तर देताना समोरचा हसला किंवा "काही होत नाही हो" म्हणाला, तर दुसरा नंबर फिरवा. गाईड हृषीकेशचा आहे, नेपाळचा आहे की आमच्या गावातला, याने फरक पडत नाही. गावातल्या पोरांना तर या नदीचा एकेक दगड पाठ आहे. रात्री शेकोटीपाशी कुणी "घ्या हो थोडी" म्हटलं, तर सकाळी नदी आहे हे आठवा. उतरलेली नसेल तर बरा गाईड राफ्टमध्ये चढूच देत नाही.

पावसाळ्यात जास्त मजा येत नाही का?

पावसाळ्यातही इथे राफ्टिंग चालतं, पण तो वेगळा खेळ. उन्हाळ्यात पाणी एकाच नळाचं, मोजकं. पावसाळ्यात त्यात घाटावरचा पाऊस, बाजूचे ओढे आणि वरून वाहून आलेली झाडं मिसळतात. वर ढग फुटला तर खाली तासाभरात पातळी चढते, आणि आपण उभे तिथे ऊन असू शकतं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूणची काय अवस्था केली ते सगळ्यांनी पाहिलंय. पहिल्यांदा येत असाल तर उन्हाळाच बरा. कोकणातला घाम सोडला तर नदी शहाण्यासारखी वागते.

यायचं कसं

मुंबईहून कोलाड १२० किलोमीटरच्या आसपास. गोवा महामार्गाचं काम आम्ही एका तपाहून जास्त बघतोय, म्हणून त्या अंतराला तास किती लागतील ते लिहीत नाही. पहाटे निघून आठला पोचू हा हिशेब शनिवारी हमखास चुकतो, आदल्या रात्री या. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते आणि तिचं पहिलंच स्टेशन कोलाड. पुण्याहून येणारे मुळशीचं धरण बघत ताम्हिणी घाट उतरतात, विळ्याहून सुतारवाडीकडे वळतात आणि जे पाणी वर बघितलं त्यातच खाली बसतात. ते बोगद्यातून आलं, तुम्ही घाटाने.

नाश्ता हलका, सुती जीन्स नको, मागे पट्टा असलेल्या सँडल हव्या, चष्म्याला दोरी. अंगठी, मंगळसूत्र, गाडीची किल्ली घरी. सकाळी आमच्याकडे घावणे खाऊन जा म्हटलं तर सहाही जण एकदम हो म्हणाले.

हे सगळं भाच्याला सांगून फोन ठेवला. आई ओटीवर आमसुलं वाळत घालत होती. तिने मान वर न करता विचारलं, "पाणी किती वाजता सुटायचंय ते विचारलंस का?" म्हटलं, अजून तीन आठवडे आहेत, पोरं आली की विचारीन. "पोरांचं नाही म्हणत मी," आई म्हणाली. "उद्याचं विचार. गोधड्या धुवायला न्यायच्यात."